घटस्फोटाचा कागद कुठं मिळतो आणि अर्ज कुठं करायचा



लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीनं एक गोष्ट उघडी पाडली. पतीचा नाहीतर वडिलांचा आधार मागितला, तेव्हा बऱ्याच जणी गप्प बसल्या. ज्यांचा घटस्फोट झालाय त्यांच्याकडं घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा कोर्टाचा आदेश मागितला. माझ्याकडच्या ग्रामसंघांच्या बैठकांत ज्यांनी "आमचं सुटलंय" म्हणून सांगितलं, त्यातल्या जवळजवळ सगळ्या स्टँपपेपर घेऊन आल्या. कोर्टाचा कागद अगदी थोड्यांकडं होता. म्हणून या अंकात बचतीचं आणि व्याजाचं बाजूला ठेवून हाच विषय घेते.

आपल्याच प्रभागातल्या एका ताईपासून सुरुवात करते. तिनं लिहायला परवानगी दिली, फक्त नाव-गाव नको म्हणाली. नऊ वर्षं ती माहेरी आहे, मुलगी पदरात. सासरच्यांनी एका घरी पाचसहा माणसं बसवून काडीमोड केला. शंभराच्या स्टँपवर लिहिलं, नोटरीचा शिक्का मारला, हिची सही घेतली. "आता तुमचा-आमचा संबंध नाही." नवरा पुण्याकडं कंपनीत, त्यानं पुढच्याच वर्षी दुसरं लग्न केलं. हिनं तो स्टँप पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला होता. तो दाखवला, तेव्हा हा चालत नाही असं उत्तर मिळालं. ती माझ्याकडं आली ती रागातच, "मग ह्याला काय म्हणायचं?"

त्याला सोडचिठ्ठी म्हणायचं, फारकत म्हणायचं, काडीमोड म्हणायचं. पण कायद्यानं घटस्फोट म्हणता येत नाही. हिंदू विवाह कायदा 1955 चा. त्यात हिंदू, बौद्ध, जैन, शीख सगळे येतात. या कायद्याखाली लग्न मोडायचं तर कोर्टाचा हुकूमनामा लागतो. नोटरीचा शिक्का एवढंच सांगतो की ही सही ह्याच माणसानं माझ्यासमोर केली. लग्न मोडायचा अधिकार नोटरीला नाही, सरपंचाला नाही, पोलीस पाटलाला नाही आणि जातीच्या पंचांनाही नाही. कायद्यात एक फट आहे ती सांगते, नाहीतर कोणीतरी वकील ती तुमच्यापुढं टाकेल. एखाद्या समाजात फार पूर्वीपासून काडीमोडीची रूढी असेल तर कायदा ती मानतो (कलम 29). पण रूढी आहे म्हणणाऱ्यानं ती कोर्टात पुराव्यानं सिद्ध करावी लागते. म्हणजे फिरून कोर्टातच. आणि पंच वाळीत टाकायची धमकी देत असतील तर सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा 2016 चा कायदा आहे, तो गुन्हा आहे.

"सात वर्षं वेगळं राहिलं की आपोआप सुटतं" हेही मी दर बैठकीत ऐकते. आपोआप काही सुटत नाही. सात वर्षं एखाद्याचा ठावठिकाणाच लागला नाही, जिवंत आहे की नाही हेही कळलं नाही, तर ते घटस्फोटाचं एक कारण होऊ शकतं. तरीही अर्ज करावा लागतो.

कागद शोधायचा कसा

ताईचा नवरा फोनवर म्हणाला, "मी कोर्टातूनबी घेतलाय." खरं-खोटं बघायचं कुठं? जन्म-मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत असते, लग्नाचीही होते. घटस्फोटाची नाही. जिल्ह्याला एक रजिस्टर आणि त्यात सगळ्यांची नावं, असलं काही आपल्याकडं नाही. घटस्फोट ज्या कोर्टानं दिला, कागद त्याच कोर्टात असतो. म्हणून आधी कोर्ट ठरवायचं. लग्न लागलं ते गाव, दोघं शेवटी एकत्र राहिले ते गाव, आणि अर्ज केला त्या वेळी समोरचा माणूस राहत होता ते गाव. या तीन ठिकाणांपैकी कुठंही केस झालेली असू शकते. बायकोनं स्वतः अर्ज केला तर ती राहते तिथंही होते. हे चौथं ठिकाण 2003 साली कायद्यात घातलं, आणि माहेरी परतलेल्या बाईसाठी ते फार मोलाचं आहे.

मग मोबाईल काढायचा. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस नावाचं सरकारी ॲप आहे, फुकट आहे. महाराष्ट्र, मग जिल्हा, मग कोर्टाचं ठिकाण निवडायचं आणि पक्षकाराचं नाव व वर्ष टाकायचं. प्रलंबित आणि निकाली असे दोन भाग असतात, दोन्ही बघायचे. नाव इंग्रजीत टाकावं लागतं, आणि खरी गंमत इथंच होते. आपल्या नावांची स्पेलिंगं प्रत्येक कारकुनानं वेगळी केलेली असतात. आम्ही आडनाव चार तऱ्हांनी टाकून बघितलं. तुमच्या गटाच्या सीआरपीला किंवा कॉलेजात जाणाऱ्या मुलीला शेजारी बसवा, तासाभराचं काम आहे. केस सापडली तर तिचा 16 अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर दिसतो. तो वहीत उतरवून घ्या, पुढं सगळीकडं तोच लागतो.

ॲपवर सापडलं नाही म्हणजे केस नाहीच, असं धरू नका. जुन्या निकाली केसेस सगळ्याच कॉम्प्युटरवर चढलेल्या नसतात. मग त्या कोर्टात जाऊन दोघांची पूर्ण नावं आणि अंदाजे साल देऊन रजिस्टर बघायला सांगावं लागतं. हे काम वकिलामार्फत लवकर होतं.

कागद तिथं असेल तर नक्कल विभागात अर्ज करायचा. दोन गोष्टी मागा, निकालपत्र आणि हुकूमनामा. निकालपत्रात न्यायाधीशांनी कारणं लिहिलेली असतात, हुकूमनाम्यात लग्न कुठल्या तारखेपासून संपलं ते असतं. बाहेर मागतात तो हुकूमनामा. सही-शिक्क्याची प्रमाणित नक्कलच घ्या, साधी झेरॉक्स कामाची नाही. आणि हे कुणी सांगत नाही म्हणून ठळक लिहिते, घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही बाजूंना फुकट द्यायची, असं कायद्यातच आहे, कलम 23, पोटकलम 4. पुढं जादा प्रती हव्या असतील तर पानामागं नक्कल फी लागते. तुम्ही स्वतः केसमध्ये पक्षकार असाल तर नक्कल मिळणं तुमचा हक्क आहे. तिऱ्हाइताला मात्र अशी केस सहज बघता येत नाही, कारण या केसेस बंद दाराआड चालतात. जी कायद्यातली कलम 22 ची तरतूद आहे. चारचौघांत बोलावं लागेल म्हणून कोर्टाची पायरी न चढणाऱ्या ताईंनी हे लक्षात ठेवावं.

याच कारणानं एक सावधगिरी. मुलीसाठी "घटस्फोटित" स्थळ आलं तर नवऱ्या मुलाच्या पहिल्या लग्नाचा हुकूमनामा मागा. तुम्ही कोर्टात जाऊन तो काढू शकणार नाही, पण तो काढू शकतो. टाळाटाळ करत असेल तर स्थळ सोडा. नुसता हुकूमनामा बघून भागत नाही, तारीखही बघा. निकालानंतर अपिलाला 90 दिवस असतात. ती मुदत संपायच्या आत, किंवा अपील चालू असताना, दुसरं लग्न करता येत नाही. पहिलं लग्न शिल्लक असताना केलेलं दुसरं लग्न कायद्यानं लग्नच नाही. तो गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अशा लग्नातली मुलं औरस धरतात, पण त्या बाईच्या हातात बायको म्हणून काही राहत नाही. स्टँपवर सुटलेल्या माणसाला आपली लेक देणारे आईबाप ह्याच तालुक्यात आहेत, मी दोन घरं बघितलीत.

आता त्या ताईचं. सोलापूर जिल्ह्यात आणि पुण्यात, दोन्हीकडं शोधलं. ॲपवर नाही, वकिलांनी रजिस्टर बघितलं तिथंही नाही. केस झालेलीच नव्हती. मी तिला सांगितलं, कायद्यानं तुझं लग्न अजून आहे. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे पोरीच्या बापाकडनं मागता येतंय?" येतंय. नऊ वर्षं ती मागत नव्हती, कारण त्या स्टँपवर "पोटगीचा हक्क सोडला" अशी ओळ होती. असल्या ओळीनं हक्क आपोआप जात नाही, आणि मुलीचा खर्चाचा हक्क तर आईला सहीनं सोडताच येत नाही. असा कागद कुणाकडं असेल तर फाडू नका, वकिलांना दाखवा. तिच्या केसमध्ये तोच कागद आता नवऱ्यानं बाहेर काढल्याचा पुरावा म्हणून जोडलाय.

दुसरी एक ताई, तिचं उलट झालं. बेलीफ समन्स घेऊन आला तेव्हा भावानं सांगितलं, घेऊ नको, घेतलं नाही की केस चालत नाही. केस चालली. समन्स नाकारलं की ते बजावलं असं धरतात, आणि मग एकतर्फी निकाल होतो. तिला सहा वर्षांनी ॲपवर कळलं. एकतर्फी निकाल रद्द करायचा अर्ज साधारण 30 दिवसांत करावा लागतो. समन्स नीट बजावलंच नसेल तर ते दिवस कळल्यापासून मोजतात. हिनं ते स्वतः नाकारलं होतं. तिला परत नांदायचंही नव्हतं. पण कायम पोटगीचा अर्ज निकालाच्या वेळी किंवा त्यानंतर कधीही करता येतो, कलम 25 प्रमाणं, दुसरं लग्न केलेलं नसेल तर. तो तिनं केला. तेव्हा समन्स आलं तर घ्या. घेऊन सही केली म्हणजे मान्य केलं असं होत नाही.

अर्ज करायचा असेल तर

घटस्फोटाचा अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्या कोर्टात किंवा कौटुंबिक न्यायालय जिथं आहे तिथं त्या न्यायालयात चालतो. सोलापुरात कौटुंबिक न्यायालय आहे. तुमच्या गावाला नक्की कुठलं कोर्ट, ते माढ्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडं विचारा. पोटगीचा आणि कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज मात्र प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडं होतो, म्हणजे माढ्यात. ज्यांना आधी घर चालवायचंय त्यांनी त्याच दारानं आधी जावं असं माझं मत आहे. पोटगीचं जुनं कलम 125, आता 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144. त्यासाठी घटस्फोट लागत नाही. आणि घटस्फोट झालेल्या, पण दुसरं लग्न न केलेल्या बाईलाही पोटगी मागता येते.

वकिलाला पैसे कुठनं आणायचे? गटातनं कर्ज काढून वकील लावलेल्या दोघी मला माहीत आहेत. तसं करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 प्रमाणं बाईला मोफत वकील मिळतो, आणि बाईसाठी उत्पन्नाची अट नाही. पिवळं रेशनकार्ड असो की केशरी. शिवाय घटस्फोट आणि पोटगीच्या अर्जावर महिलांना कोर्ट फी लागत नाही, महाराष्ट्र शासनानं 1 ऑक्टोबर 1994 लाच ती माफ केलीय. कुणी "स्टँपचे एवढे, फीचे एवढे" असं सांगू लागलं तर ही तारीख सांगा. मोफत सल्ल्याचा फोन 15100, मारहाण चालू असेल तर 181.

अर्ज दोन तऱ्हेचा. दोघांची संमती असेल तर सोपा. वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. पहिला जबाब झाला की सहा महिने थांबून दुसरा जबाब. सुप्रीम कोर्टानं 2017 साली सांगितलं की सगळं मिटलेलं असेल आणि बरेच दिवस वेगळे राहत असाल तर न्यायाधीश हे सहा महिने माफ करू शकतात. दुसऱ्या जबाबापर्यंत दोघांपैकी कुणालाही माघार घेता येते. इथं ताईंची फसगत होते ती पैशांत. "आधी सही कर, मग देतो" असं म्हणतात. देण्याघेण्याचं, मुलांच्या ताब्याचं, दागिन्यांचं सगळं लेखी तडजोडीत आलं पाहिजे, आणि रक्कम शेवटच्या जबाबाच्या दिवशी डीडीनं, कोर्टापुढं. तोंडी शब्दावर शेवटचा जबाब देऊ नका.

संमती नसेल तर कारण सिद्ध करावं लागतं. मारहाण आणि मानसिक छळ, दोन वर्षं सोडून देणं, बाहेरचे संबंध, धर्मांतर, बरा न होणारा मानसिक आजार, अशी ती कारणं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत सहसा अर्ज घेत नाहीत. "सोडून देणं" म्हणजे फक्त तो निघून गेला असं नाही. त्यानं तुम्हाला हाकललं, तरी सोडून देणारा तोच. बायकोसाठी एक जादा कारणही आहे, ते फारसं कुणाला माहीत नसतं. पोटगीचा हुकूम झाला आणि त्यानंतर वर्षभर दोघं एकत्र राहिले नाहीत, तर एवढ्यावरही बायको घटस्फोट मागू शकते. म्हणजे आधी पोटगी, मग घटस्फोट, ही वाट मी वर सांगितली ती दोन्हीकडनं उपयोगाची आहे.

केस चालू असतानाच अंतरिम पोटगी आणि केसचा खर्च मागता येतो. 2020 पासून सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळं दोघांनाही आपल्या मिळकतीचं आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. तरी "मला काही नाही, मी बेकार" असं म्हणणारे म्हणतातच. म्हणून तुम्ही आधीच गोळा करा. त्याचा सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन निघतो. ऊस कारखान्याला जात असेल तर बिलाची पावती, कंपनीत असेल तर गेटपासचा फोटोसुद्धा चालून जातो सुरुवातीला. त्याबरोबर लग्नपत्रिका, लग्नातले फोटो, मुलांचे जन्माचे दाखले, तुमचा आधार, राहण्याचा पुरावा. लग्नाची नोंदणी नसली तरी अडत नाही, फोटो आणि लग्नाला हजर असलेली दोन माणसं पुरतात. मारहाण झाली असेल तर दवाखान्याचे कागद, पोलिसांत दिलेल्या अर्जाची पोहोच. सगळं एका पिशवीत, आणि ती पिशवी स्वतःच्या ताब्यात.

किती दिवस लागतात? कायदा म्हणतो सहा महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा. प्रत्यक्षात संमती नसलेली केस वर्षानुवर्षं चालते. तारखेला जायचं म्हणजे रोजगार बुडतो, एसटीचं भाडं जातं, आणि पुढची तारीख घेऊन परत यायचं. हे मी लपवत नाही. सुरुवातीला कोर्ट समेटाचा प्रयत्न करतं, मध्यस्थाकडं पाठवतं. तिथं "नांदायला जा" असं दडपण आलं तर जायची सक्ती नाही, तुमचं म्हणणं स्पष्ट सांगा.

मुस्लिम ताईंसाठी कायदा वेगळा आहे. 1939 च्या कायद्यानं बायकोला कोर्टातून लग्न मोडून घेता येतं. दोन वर्षं खर्च दिला नाही, चार वर्षं पत्ता नाही, छळ, ही त्यातली काही कारणं. खुला हाही मार्ग आहे. एका दमात तीन तलाक म्हटलं तर 2019 पासून तो तलाकच होत नाही आणि नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पोटगीचं कलम मुस्लिम घटस्फोटित बाईलाही लागू आहे, हे सुप्रीम कोर्टानं जुलै 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. पारधी समाजाच्या ताईंनी थेट विधी सेवा समितीत जावं. अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा सरसकट लागू होत नाही, त्यामुळं प्रत्येकीचं वेगळं बघावं लागतं.

बैठकीत एक आत्याबाई म्हणाल्या, "आमच्या वेळंला असलं नव्हतं." होतं की! आपला सोलापूर जिल्हा तेव्हा मुंबई प्रांतात होता, आणि मुंबई प्रांतानं हिंदू बायकांना घटस्फोटाचा कायदा 1947 सालीच दिला, देशाच्या आधी आठ वर्षं. त्याच्याही आधी, 1887 मध्ये, मुंबईच्या रखमाबाईंना कोर्टानं सांगितलं होतं, नवऱ्याकडं नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाते. पुढं तडजोड झाली, त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. आत्याबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग आम्हाला कुणी सांगितलं न्हाई."

हातात हुकूमनामा आला की काय करायचं तेही लिहिते. मूळ नक्कल लॅमिनेट करू नका, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि पाच झेरॉक्स काढा. सासरच्या रेशनकार्डातून नाव कमी करून माहेरच्या किंवा स्वतंत्र कार्डात घ्या. बँकेत आणि गटाच्या वहीत वारसदार म्हणून त्याचं नाव असेल तर बदला. हे नक्की करा, कारण घटस्फोटानंतरही वारसदाराच्या रकान्यात जुनंच नाव राहिलेलं मी तीन गटांत बघितलं. सासरच्या गावच्या गटात तुमची बचत अडकली असेल तर ती तुमचीच आहे, त्या ग्रामसंघाला आपण पत्र देऊ. पोटगी मिळत नसेल तर तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो, महिना 1500 रुपये, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत हवं. त्यात घटस्फोटाची केस चालू असलेल्या बायकाही बसतात, निकालाची वाट बघू नका.

पहिल्या ताईच्या पोटगीच्या अर्जाच्या दोन तारखा झाल्या. पुण्याच्या पत्त्यावर समन्स गेलं, ते परत आलं, आता कंपनीच्या पत्त्यावर पाठवलंय. घटस्फोट मागायचा की नाही ते तिनं अजून ठरवलं नाही, आणि मीही तिला घाई करत नाही.

ज्यांच्याकडं स्टँपचा कागद आहे, किंवा काहीच कागद नाही, त्यांनी पुढच्या मासिक बैठकीला लग्नपत्रिका आणि दोघांची पूर्ण नावं लिहून आणा. बैठक संपल्यावर थांबा, मोबाईलवर शोधायला मी बसते. सगळ्यांसमोर बोलायचं नसेल तर सीआरपी ताईच्या कानात नुसतं "कागद" म्हणा, तिला माहीत आहे.